शेजारच्या सीटचा ब्रेक

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. विसरली असशील म्हणून खूण सांगते: बुटकी, नाक तुझ्यासारखं, वरचे दात तू बनवलेले. मागच्या वेळी जाताना तू छत्री विसरलीस, जेवणाचा डबा विसरलीस आणि आम्हा दोघींना विसरलीस. छत्री मी वापरते. डब्यात बटणं ठेवली आहेत. आमचं काय करायचं तेवढं कळव.

फोन करतेस, नाही असं नाही. पण फोनवर तू म्हणतेस बरी आहे, मी म्हणते बरी आहे, मग दोघी गप्प, आणि फोन ठेवला जातो. म्हणून पत्र. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. हे तुझी आई लिहितेय. समोरच्या औषधवाल्याला सांगणार होते, पण त्याचं अक्षर वाचायला तिकडे तुला दुसरा औषधवाला शोधावा लागेल. तुझ्या आईचं अक्षर मोत्यासारखं. शिवाय मी सांगते तेवढंच ती लिहिते, मनचं काही घालत नाही. हल्ली तिच्या मनचं काही नसतंच. हे पण लिही म्हटलं. लिहिलं तिने.

घरची खबर अशी. दूध वेळेवर येतं. जिन्यातला दिवा गेला होता, तो तुझ्या आईने बदलला. ती सगळं करते. झाडते, शिजवते, वाढते, भांडी पालथी घालते आणि मग मागच्या खोलीत खुर्चीवर बसते, भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर काही नाही, मी जाऊन पाहिलं. विचारलं तर उत्तर मिळतं. हो, नाही, वाढलंय, दार लावलंय. रडत नाही. तसं मी तरी कुठे रडते. मुलगा माझा गेला, वर्ष होत आलं, आणि मला दुपारी छान झोप लागते. मला वाटायचं, पोटचा गेला की आईचं आत काहीतरी फाटतं. काही फाटलं नाही. जेवण बेचव लागतं. ते आधीही लागायचं, पण तेव्हा मी बोलून दाखवायचे. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो. तसं घर झालंय.

आता कामाचं. परवा भंगारवाला आला, गाडी न्यायला. तुझ्या आईनेच बोलावला होता, मला न सांगता. त्याने शेडमध्ये जाऊन गाडीवरची ताडपत्री ओढली तेव्हा मला आवाज आला. मी जाऊन शेडच्या दारात आडवी बसले. म्हातारीला उचलून बाजूला ठेवायचं धाडस त्याला झालं नाही. तुझी आई म्हणाली, मार्च संपेपर्यंत थांबते. तोवर गाडी आपल्या चाकांवर बाहेर पडली तर पडली, नाहीतर तो नेईल. मी बरं म्हटलं.

ह्या गाडीवर तिने अर्धं गाव शिकवलं. छपरावर शिकाऊची पाटी, शेजारच्या सीटखाली मास्तरणीचा वेगळा ब्रेक, आणि चाकामागे कोणीतरी घामाघूम. तुझा बाबा गाडी नीट ठेवायचा आणि ती शिकवायची, असा त्यांचा संसार. आणि नेमक्या त्या दिवशी गाडी ठोकळ्यांवर, इंजिन उघडून टेबलावर. त्याच्या छातीत कळ आली तेव्हा गावातली सगळ्यात चांगली गाडी चालवणारी बाई घरात होती आणि गाडी नव्हती. तिने रस्त्यात उभं राहून हात केला. औषधवाल्याने त्याच्या गाडीतून नेलं. पुढचं तुला माहीत आहे.

इथे तुझ्या आईचा हात थांबला. लिही म्हटलं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, मग कागदाला कळलं तर काय बिघडलं. लिहिलं.

तर मला ही गाडी चालू करायची आहे. लोखंडाचं मला प्रेम नाही. पण ती अशी उघडीच गेली तर तुझी आईही अशीच ठोकळ्यांवर राहील. एक मिस्त्री ठरवला आहे. जुन्या गाड्यांचा शौकीन आहे, चष्मे तीन आहेत आणि वेळेला एकही सापडत नाही. तो म्हणतो सुटे भाग सगळे आहेत, पण कुठला स्क्रू कुठला हे कसं कळणार. ते तुझ्या बाबाला माहीत होतं आणि तुला. बाबाला पत्र टाकता येत नाही.

तेव्हा लिही. लोभ करतेसच, पण जरा दिसेल असा कर.

तुझी आजी
(अंगठा नाही उमटवत, शाई वाया जाते.)


१९ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. छत्री वापर, मला इथे लागत नाही. दात टोचत असतील तर घासू नकोस, मला सांग.

आई, हे तूच वाचून दाखवत असशील. तू कशी आहेस ते आजीने लिहिलंय, म्हणजे तूच लिहिलंयस. उत्तर कोणाला द्यायचं ते मला कळेना, म्हणून आधी गाडीचं लिहिते.

बाबांनी सगळे भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवलेत. काढलं त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे, एका खळग्यात एका जागेचं. म्हणजे लावताना शेवटच्या ट्रेच्या शेवटच्या खळग्यापासून उलटं यायचं. ट्रे कोणी हलवले नसतील तर मिस्त्रींना अडचण येऊ नये. इंजिनचं वरचं झाकण बसवताना नट मधून बाहेर आवळत जायचे, आणि एकदम पूर्ण कोणताच नाही. पेट्रोलची टाकी आतून गंजली असेल, ती धुवून घ्यायला सांग. ब्रेकची रबरं नवीन लागतील. जुनी चालतील असं मिस्त्री म्हणाले तरी ऐकू नका.

मी येऊ शकत नाही, कामं आहेत. खरं म्हणजे कामं रोजचीच आहेत. सकाळी साचे ओतते, दुपारी दात घासते, संध्याकाळी रंग जुळवते. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. ते दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि नंतर पेशंटला बजावतात, सुन्नपणा उतरेपर्यंत गरम काही पिऊ नका, भाजलं तरी कळणार नाही. मी गेलं वर्षभर काही गरम प्यायले नाही असं समज. तिकडे आले तर प्यावं लागेल.

आजी, मिस्त्रींना सांग, घाई करू नका. पण मार्चपर्यंत करा.

लोभ आहेच, तो तू मोजून घेतेस एवढंच.

तुझी
भिंगरी


२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईने वाचून दाखवलं. चहा पिण्याबद्दल काहीतरी होतं तिथे ती अडखळली, पुढे गेली. मी पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा वाचलं, ह्या वेळी न अडखळता. मग शेडमध्ये चल आणि मिस्त्रीला अंड्यांचं वाचून दाखव म्हटलं. शेडच्या दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आत नाही. बाहेर उभी राहून वाचलं, मिस्त्री आतून हं हं करत होता. रोज तेवढंच. मला विसरायला होतं असं मी सांगते, मग ती पत्र घेऊन येते, दारात उभी राहते आणि तोच मजकूर वाचते. समोरच्या औषधवाल्यालाही वाचता येतं, हे ती मला सांगत नाही आणि मी तिला सांगत नाही.

मिस्त्री बरा आहे, पण त्याला स्वतःचा आवाज फार आवडतो. टाकी धुतली. रबरं जुनी चालतील म्हणालाच. मी म्हटलं, माझी नात रोज लोकांच्या तोंडात हात घालते, तिला चालणारं आणि न चालणारं कळतं. नवीन आणली. इंजिन बसलं. उलट्या क्रमाने एकेक अंडं रिकामं होताना मी समोर स्टुलावर बसून पाहिलं. शेवटी सगळे खळगे रिकामे झाले, फक्त एक दांडा, एक पेडल आणि दोन पिना उरल्या. हे काय म्हणून विचारलं. तर म्हणाला, हा शेजारच्या सीटचा ब्रेक, हा कारखान्यातून आलेला नाही, नंतर कोणीतरी बसवलेला आहे. गाडी मूळ स्वरूपात आणायची तर हा बाद.

कोणीतरी म्हणजे माझ्या मुलाने. तुझ्या आईने शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्याने तो दांडा स्वतः वाकवला होता, चार वेळा चुकला होता.

मी मिस्त्रीला म्हटलं, मूळ स्वरूपात मीसुद्धा नाही. वरचे दात नंतर बसवलेले आहेत. मला पण बाद कर आणि ताडपत्रीखाली ठेव. तो हसला, पण ऐकेना. म्हणाला जाणकार लोक नावं ठेवतील. जाणकार लोकांना माझ्याकडे पाठव म्हटलं. शेवटी कुरकुरत बसवला. आता दाबलं की खालून पूर्वीसारखाच आवाज येतो.

समोरच्या कप्प्यात लिमलेटच्या गोळ्यांचा डबा निघाला. गोळ्या वितळून सगळ्यांचा मिळून एक दगड झालाय. तुला आठवतं ना? ज्या दिवशी मास्तरणीला आपला ब्रेक दाबावा लागला नाही, त्या दिवशी शिकाऊला एक गोळी. औषधवाल्याला सबंध शिकवणीत एकही मिळाली नाही. परीक्षेत पास झाला त्या दिवशी त्याने स्वतःच विकत घेऊन खाल्ली.

आता अडचण. सगळं बसलं, बॅटरी नवीन आली, आणि गाडी सुरू होत नाही. खोकते, धूर टाकते, एकदा तर मागून असा आवाज काढला की मिस्त्रीचा चष्मा उडाला. तो म्हणतो पेट्रोल नीट येत नाही. दोन दिवस तेच उघडतोय. मी म्हटलं बाकीचं एकदा तपास. तर म्हणतो, मी स्वतः लावलेलं परत बघायची मला सवय नाही. मला तर सगळं छान दिसतंय. मी रोज सकाळी फडकं मारते. त्या प्लगच्या काळ्या तारा ह्याने कशाही लावल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे, एकमेकींवरून उड्या. बायकामाणसांचा हात नसला की असं होतं. परवा मी त्या काढून पुसल्या आणि ओळीने सरळ लावून टाकल्या, पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी. आता कशा शाळेतल्या मुलींसारख्या उभ्या आहेत.

मार्च चालू झालाय. भंगारवाला रस्त्यावरून जाताना हळू जातो.

तुझी आजी, दातांसह

(कंसातलं माझं आहे. तारा ओळीने लावायच्या नसतात. प्लगना वीज वाटणाऱ्या टोपीवर फिरत गेलं की एक, तीन, चार, दोन असा क्रम लागतो. मी हे लिहिता लिहिता थांबून त्यांना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्या इतक्या खूश होत्या. एखाद्या सकाळी त्या अंघोळीला गेल्या की मीच बदलेन. — आई)


९ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

हे पत्र तुला आहे, आजीला वाचून दाखवू नकोस.

कंस वाचला. वाचून मी पाकीट पुन्हा उलटं करून पाहिलं, अजून काही आहे का म्हणून. नव्हतं. मग कामाला बसले.

तू शेडच्या आत गेलीस का? आजीने लिहिलंय तू उंबऱ्याबाहेर उभी राहतेस. बोनेट उघडायला आत जावंच लागतं.

क्रम तुझ्या लक्षात आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं गाडीच्या आतलं बाबांचं आणि बाहेरचं तुझं. बाबा मला क्रम शिकवत होते तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस, एवढं आठवतं. ऐकत असशील.

एक विचारते. गाडी सुरू झाली तर चालवशील का? नाही म्हणालीस तरी चालेल, पण का ते सांग. तू सहा महिने फोनवर मला हवेबद्दल सांगतेस. तिकडची हवा मला आता पाठ झाली आहे.

तब्येत सांभाळ. इकडची काळजी नको, इकडे काळजी करण्यासारखं काही घडत नाही.

तुझी
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

गाडी सुरू झाली.

तुझं मधलं पत्र आलं, ते तुझ्या आईने मनातल्या मनात वाचलं. मोठ्याने वाच म्हटलं, तर म्हणाली हवेबद्दल आहे. हवेबद्दल इतका वेळ? तुमच्या दोघींत माझ्याआड काही चालू असलं तर चालू द्या, माझं वय झालं, मला कशाला घेता.

सुरू झाली ती अशी. मिस्त्री सकाळी आला, पेट्रोलचं परत उघडणार होता, त्याआधी सहज किल्ली फिरवली. एकदा गुरगुरली आणि लागली. धरून राहिली. तो इतका चकित झाला की आधी त्यालाच पटेना. मग म्हणाला, रात्रभर मुरलं की पेट्रोल आपोआप जागेवर येतं, त्याच्या हाताला यश आहे. असेल. तारा मात्र पुन्हा कशाही उड्या मारत होत्या, इकडची तिकडे. मी ओळीने लावलेल्या कोणीतरी बिघडवल्या. आणि नाश्त्याला वाढताना तुझ्या आईच्या नखांत काळं होतं. मला अक्षर वाचता येत नाही, नखं येतात. तिला काही विचारलं नाही. आता ती हे लिहितेय आणि नखांकडे बघतेय. स्वच्छ आहेत ग, पुढे लिही.

मला वाटलं होतं, सुरू झाली की काहीतरी होईल. इतके दिवस त्याच्यासाठी तर स्टुलावर बसले. तोच आवाज आला बघ, तोच, मधेच श्वास घेतल्यासारखा. हा आवाज वळणावर आला की मी चहाचं पाणी ठेवायचे. आवाज झाला, शेडमध्ये धूर भरला, मिस्त्रीने टाळी मागितली, मी दिली. तुझी आई उंबऱ्यात होती. तिने ऐकलं, मग आत जाऊन कपडे वाळत घातले. मिस्त्रीने गाडी बंद केली. आम्ही जेवलो. वांझोटा दिवस गेला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, आता तू चालवणार की नाही. नाही म्हणाली. गाडी चालू झाली, मिस्त्रीला चालवायला सांगा आणि ज्याला हवी त्याला देऊन टाका. मी म्हटलं, बोली बाहेर पडायची होती. शेडमध्ये गुरगुरणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे. ती उठली. भिंतीकडे गेली.

मग मी रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला आणि सांगून टाकलं, की ठीक आहे, तुला चालवायची नाही तर मी शिकते. शीतगृहामागे मोकळं मैदान आहे, मिस्त्री गाडी तिथवर नेईल. तुझ्या आईने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, तुम्हाला पाट्या वाचता येत नाहीत. मैदानात पाट्या नसतात म्हटलं.

खोटे दात घालून गाडी चालवता येते का ते तुझ्या डॉक्टरांना विचार.

माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.

तुझी आजी


१८ मार्च

चि. भिंगरी,

आजीच्या पाकिटात हे माझं वेगळं पान घालते आहे. त्यांना ते माहीत नाही.

तू विचारलंस का. लिहून बघते.

त्या दिवशी औषधवाल्याने गाडी थांबवली. मी मागे बसले, तुझ्या बाबांचं डोकं मांडीवर घेऊन. आजी घरी राहिल्या, शेजारणीने त्यांना धरलं होतं. औषधवाला मी शिकवलं होतं तशी गाडी चालवत होता. निघताना आरसा पाहिला. वळणाआधी इशारा दिला. प्रत्येक लाल दिव्याला रेषेच्या आत थांबला. रस्ता रिकामा असला तरी थांबला. मी त्याच्याकडून ते घोटून घेतलं होतं. सहा वेळा नापास झालेला माणूस, नियम चुकेल म्हणून घाबरलेला. तरी एकदाही चुकला नाही.

मला फक्त एक शब्द बोलायचा होता. जा. लाल आहे, रस्ता मोकळा आहे, जा. तो आला नाही. इतकी वर्षं त्या सीटवरून मी थांब एवढंच म्हणत आले. तोंडाला तोच शब्द माहीत होता. आणि औषधवाला तर आधीच थांबलेला होता.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. खरं असेल. मला त्याने काही वाटलं नाही. अजूनही काही वाटत नाही. आता हे लिहितानाही नाही. अक्षर नेहमीसारखंच येतंय बघ.

औषधवाला माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही. गोळ्या आणायला मी पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जाते.

आजी शिकणार म्हणतात. चेष्टा आहे असं वाटलं होतं, पण आज सकाळी त्यांनी माझे जुने बूट पायात घालून पाहिले. ते त्यांना फार मोठे झाले, आणि पेडलपर्यंत त्यांचा पायसुद्धा पोचणार नाही.

तू जेवत जा.

आई


३० मार्च

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. हे नीट बसून वाच, उभ्याने वाचायचं पत्र नाही.

काल मिस्त्रीने गाडी मैदानात नेऊन ठेवली आणि चष्मा शेडमध्ये राहिला म्हणून परत गेला. मी पाठीमागे दोन उशा घेतल्या, एक बुडाखाली, आणि चाकामागे जाऊन बसले. तुझी आई लांब उभी होती. तिने यायचं कबूल केलं होतं ते मी पडले तर उचलायला, असं म्हणाली होती.

मी किल्ली फिरवली. तेवढं मिस्त्रीला बघून येतंच. गाडी लागली. मग मी एक पेडल दाबलं, दुसरं सोडलं, आणि गाडीने अशी उडी मारून दम तोडला की माझा वरचा साचा मांडीवर पडला. दात परत बसवले, परत किल्ली फिरवली. परत उडी. तिसऱ्या खेपेला शेजारचं दार उघडलं आणि तुझी आई आत येऊन बसली. दार ओढून घेतलं. शिकाऊ माणसाला एकटं सोडत नाहीत, तिच्याने ते बघवेना, दुसरं काही नाही. बसल्या बसल्या तिचा पाय आपोआप खाली त्या ब्रेकवर गेला. बरं झालं मिस्त्रीशी भांडले. मूळ स्वरूपात असती तर तिला पाय ठेवायला जागा नव्हती.

मग ती बोलायला लागली. काय काय म्हणाली ते आता तीच लिहितेय, तेव्हा खोटं सांगायची सोय नाही. आधी आरसा बघा म्हणाली. आरशात मीच दिसले, केस विस्कटलेले. आरसा तुम्हाला बघायला नाही, मागचा रस्ता बघायला असतो म्हणाली. क्लच हळू सोडा, बाळाला पाळण्यात ठेवल्यासारखा. मी म्हटलं, मी एकच बाळ ठेवलं आयुष्यात आणि तेही आपटूनच. मग ती म्हणाली, परत करा.

परत केलं. गाडी हलली ग. आपणहून, हळूच, जसं कोणी मागून ढकलतंय. समोर शीतगृहाची भिंत दिसत होती, लांब होती, पण मला वाटलं आलीच. मी जागच्या जागी गोठले. थांबू का, थांबू का, असं ओरडले म्हणे. मला वाटलं आता ती तिचा ब्रेक दाबणार. मी तिच्या पायाकडे पाहिलं. पाय ब्रेकवरून वर उचललेला होता. आणि ती म्हणाली, जा. मला वाटलं चुकीचं ऐकलं. पुन्हा म्हणाली, जा, रस्ता मोकळा आहे, जा. मोठ्याने. लांबून परत येणाऱ्या मिस्त्रीला ऐकू गेलं इतकं मोठ्याने. मी आयुष्यात कधी तिचा एवढा आवाज ऐकला नाही. मी गेले. भिंतीच्या आधी चाक फिरवलं, मैदानाला पुरा वेढा घातला आणि दम तोडून थांबले.

(इथे मी थोडा वेळ लिहायची थांबले होते. — आई)

थांबली होती, खरंय. पाणी पिऊन आली.

मिस्त्री चष्मा घालून आला. आता गाडी घरी न्यायची, तर मधे खरा रस्ता, आणि मला परवाना नाही. मिस्त्री चाकाकडे निघाला. तुझी आई उतरली, गाडीला वळसा घालून आली, माझं दार उघडलं आणि मला सरका म्हणाली. आम्ही सीट बदलल्या. मिस्त्रीला मागे बसवलं, तो मूळ स्वरूपावर बोलत राहिला. एवढंच झालं. तिने उशा बाहेर काढल्या, आरसा नीट केला, आणि आपली गाडी रस्त्यावर आली. भंगारवाला चहाच्या टपरीवर बसला होता. मी हात केला.

चौकात दिवा लाल होता, ती थांबली. हिरवा झाला. ती निघेना. दोन्ही हात चाकावर, डोळे दिव्यावर. मागचे भोंगे वाजवायला लागले. मला वाटलं गाडी बिघडली. मग वाटलं, नाही, गाडी ठीक आहे. मी तिला काय सांगणार, मला ना गाडी येते ना पाट्या. पण नुकतंच शिकले होते ते सांगितलं. जा म्हटलं. रस्ता मोकळा आहे, जा. ती गेली.

घरासमोर आल्यावर औषधवाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. तुझ्या आईने काच खाली केली. तिने त्याला सांगितलं, त्या दिवशी तू गाडी चांगली चालवलीस. तो आत गेला आणि गिऱ्हाईकाकडे पाठ करून बाटल्या लावत बसला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मी विचारत नाही, तुमच्या हवेबद्दलचं काही असेल.

गाडी शेडमध्ये लावल्यावर तुझी आई खाली उतरेना. हातांना मुंग्या आल्यात म्हणाली, बोटांपासून खांद्यापर्यंत. चोळून दिले. दुखतंय म्हणाली. दुखणारच, म्हटलं, इतका वेळ दबून होते. मग आम्ही दोघी गाडीतच बसलो, अंधार पडेपर्यंत. काय झालं ते नाही सांगत, ते तिने लिहायलाही नको आणि तू वाचायलाही नको. माझे दात डब्यात होते एवढं सांगते.

आता राहिलं एकच. काल मास्तरणीने आपला ब्रेक एकदाही दाबला नाही, म्हणजे नियमाप्रमाणे मला एक गोळी लागू होते. तिने सवयीने कप्पा उघडला, डबा काढला आणि तो दगड बघून परत ठेवला. उद्या देते म्हणाली. इथल्या दुकानात मिळतात त्या पुदिन्याच्या. पुढच्या आठवड्यापासून दोन नवीन शिकाऊ येणार आहेत, आणि औषधवालाही येईन म्हणतो, गाडी मागे घ्यायला त्याला अजून भीती वाटते. तेव्हा लिमलेटच्या गोळ्या पाठव, नारिंगी रंगाच्या, चांगला मोठा डबा भरून, आणि माझ्या दातांना झेपतील अशा जरा मऊ मिळाल्या तर माझ्या वेगळ्या बांध.